डोंगर रिकामा करताना

ऐन लूझ, वरची वस्ती
६ ऑक्टोबर

सालिहा,

हे पत्र मुंजीच्या हाती देतेय. तोच, राजधानीच्या भाड्याच्या गाडीवरचा. आपल्या डोंगराखालचं टपाल हल्ली दहा जणांच्या हातून जातं आणि फोन तर तू उचलतच नाहीस. फाडायचं असलं तर वाचून फाड.

मी लिहितेय हे लखदरला ठाऊक नाही. तुझं नाव निघालं की तो कुबड्या घेतो आणि अंगणात जाऊन बसतो. भांडत नाही, शिव्या देत नाही. नुसता जातो.

काम असं आहे की वस्ती उठतेय. परवा नवा लेफ्टनंट वर आला, शुक्री नावाचा. किनाऱ्याकडचा पोरगा आहे, अजून मिशी नीट फुटलेली नाही. बरोबर आपला सरकारी मुखत्यार होता, घाम पुसत. बदामाच्या झाडाखाली सगळ्यांना बोलावलं आणि कागद वाचला. जबल सर्राय, आपला आख्खा डोंगर, आता पुरता बंद. गवत कापायला नाही, रोझमेरी तोडायला नाही, बकरं चारायला नाही. महिनाअखेर सगळ्यांनी खालच्या गावात उतरायचं. तिथं बंद पडलेल्या शाळेच्या खोल्या दिल्यात. आणि मागे जी घरं राहतील ती पाडायची, म्हणजे वरच्यांना, डोंगरात लपलेल्या त्या बंदूकवाल्यांना, डोकं टेकायला भिंत उरायला नको.

मब्रूका गप्प बसते होय? म्हणाली, "माझ्या लग्नापासून आम्ही रस्ता मागतोय, तो काही चढला नाही वर. रणगाडा बरा चढला!"

लेफ्टनंट चिडला नाही. म्हणाला, "खाला, ते डोंगरात राहतात, पण डोंगर त्यांना जेवू घालत नाही. जेवू घालतं कुणीतरी दुसरंच."

तिचा नवरा, आपला हाज बिल्गासम, मधाच्या पेट्यांकडे बोट करून म्हणाला, "मग या माझ्या माश्यांनाही धरा. आख्खा डोंगर फिरून येतात, कुणाला विचारत नाहीत." लोक हसले. शिपाईसुद्धा हसले. लेफ्टनंट तेवढा हसला नाही.

आता तुझं घर. किल्ली तू माझ्या उंबऱ्यावर फेकून गेलीस, ती मी उचलून ठेवली. मधूनमधून उघडते, झाडते. काय काय उतरवू ते सांग. आपल्या आईचं, कुसकुसचा रवा वाफवायचं तांब्याचं भांडं मी घेणारच आहे, तू नको म्हणालीस तरी. विणायचा माग सुटा करून आणता येईल. बाकी तू बोल.

आणि सालिहा, त्या दिवशी दवाखान्याच्या दारात मी जे बोलले ते बोलले. तुझ्या पोराने पेरलं, माझ्या नवऱ्यात उगवलं. आतून लखदरच्या ओरडण्याचा आवाज येत होता. गवताचा भारा बांधायला पाय ठेवला तो सुरुंगावर आणि पायच गेला, हे तासाभरापूर्वीचं होतं. तू पाणीही न पिता परत फिरलीस आणि त्याच आठवड्यात गाव सोडलंस. ते शब्द मी मागे घेत नाही. खरे होते की खोटे तेच मला कळत नाही, तर मागे काय घेऊ?

एक विचारायचं होतं. नौफल लहान असताना त्याला हिवाळ्यात खोकला धरायचा, तेव्हा तू छातीला काहीतरी चोळायचीस. ते तेल कशात कालवायचीस? नुसत्या रोझमेरीने उतरत नाहीये. इथे एकाला खोकला आहे म्हणून विचारतेय.

वरीदा


वरची वस्ती
१९ ऑक्टोबर

सालिहा,

तू पत्र नाही लिहिलंस. मुंजीने पिशवी आणून दिली. तेलाची बाटली, औषधाच्या गोळ्या, दोन जोड मोजे आणि लोकरीचा बनियन. बनियन लखदरच्या अंगाला होणारच नाही, एका जागी बसून त्याचं पोट सुटलंय. तू ज्याच्या मापाने विणलास त्याच्या अंगालाही आता तो सैल होईल.

म्हणजे तुला कळलं. बरं झालं. मला तोंडाने सांगायला जमलं नसतं.

बदाम झोडण्याचे दिवस होते. भर दुपारची वेळ, लोक झाडांखाली. मी तुझ्या घरात सतरंज्या झटकत होते. आतल्या खोलीतून आवाज आला, "खाला, ओरडू नकोस." सालिहा, मी ओरडले नाही, कारण मला वाटलं नौफल डोंगरात मेलाय आणि हे त्याचं भूत आहे. भुतापुढे ओरडून काय उपयोग? मग तो खोकला. भूत खोकत नाही.

आधी मी त्याच्या थोबाडीत मारली. मग भाकरी दिली.

दाढी छातीपर्यंत, गाल आत गेलेले. ज्या कोपऱ्यात तू त्याचा पाळणा बांधायचीस, तिथेच उकिडवा बसून खात होता. हरिसाची लाल चटणी बोटाने पुसून चाटली. विचारलं, "आई कुठंय?" म्हटलं, "राजधानीत. लोकांच्या घरची फरशी पुसते. इथल्या बायकांनी तिला विहिरीवर पाणी भरू देणं बंद केलं तेव्हाच ती अर्धी गेली होती, पुढे उरलेली गेली."

मी म्हटलं, "उतर खाली. माझ्याबरोबर चल, आत्ता."

"उतरलो तर खालचे मारतील, त्यांनी नाही मारलं तर वरचे. वरच्यांना तुझं घर माहीत आहे खाला, एवढाच फरक."

"त्यांनी पाठवलंय तुला?"

"म्हणाले, तुझी वस्ती आहे, तुझी माणसं आहेत, जा, पीठ आण. आता पाच जण उरलेत माझ्याखेरीज. बाकीचे गेले."

"कुठे गेले?"

"गेले म्हणजे गेले गं."

मग मी विचारलं. दोन वर्षं गिळून बसले होते ते विचारलं. "लखदरच्या पायाखालचा सुरुंग तू पेरलास?"

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "कुठे पुरला, कुणी पुरला, मी पाहिलं नाही. पोतं मी वाहिलं होतं."

सालिहा, तू मला शाप दे, तुझा हक्क आहे. पण ते ऐकूनसुद्धा मी दुसरी भाकरी त्याच्यापुढे ठेवली. हात आपोआप गेला. मग पुढे तो येतच राहिला आणि मी ठेवतच राहिले. तुझ्या चुलीच्या मागे, फडक्यात. कधी पीठ, कधी खजूर. त्यातलं त्याच्या पोटात किती जातं आणि त्या पाचांच्या किती, मी विचारत नाही. माझा नवरा पलीकडच्या अंगणात कुबड्या टेकून बसलेला असतो आणि मी त्याच्या पायाच्या मारेकऱ्यांना पीठ मळून देते. सकाळी भट्टीपुढे बसले की माझे मलाच हात परके वाटतात.

खोकल्यासाठी हाज बिल्गासमकडून मधाचं पोळं मागून आणलं. म्हटलं, लखदरला खोकला झालाय. म्हाताऱ्याने सगळ्यात चांगलं पोळं कापून दिलं.

तुझं तेल पोचवलं. बनियन घातला त्याने. नाकाला लावून हुंगला आधी.

वरीदा


खालचं गाव, शाळेच्या खोल्या
४ नोव्हेंबर

सालिहा,

हे पत्र मिळेल तशी नीघ. पुढचं नंतर वाचलंस तरी चालेल. गुरुवारच्या आत इथं पोच.

पोचलीस की वाचायला वेळ नसेल म्हणून सांगून टाकते, काय झालं ते.

वस्ती उतरली. आम्हाला तिसरीच्या वर्गाची खोली मिळाली आहे, भिंतीवर अजून पाढे आहेत. सगळे उतरले, हाज बिल्गासम तेवढा हटून बसला. म्हणाला, थंडी पडेपर्यंत पेट्या हलवता येत नाहीत, माश्या मरतील. मब्रूका खाली आली, तो वर राहिला. लेफ्टनंटने दोनदा समजावलं.

मग शिपायांनी रिकामी घरं तपासली. तुझ्या चुलीत राख गरम लागली. मी आदल्या दिवशीच उतरले होते, तेव्हा चूल नौफलनेच पेटवली असणार. मूर्ख पोर. थंडी वाजली असेल. आणि चुलीच्या मागे फडक्यात भाकरीचे तुकडे आणि मधाचं पोळं.

भाकरी काय, घरोघर भाजतात. मध एकाच्याच घरी होता.

हाजला गाडीत घालून मोठ्या गावात नेलं. मब्रूका गाडीमागे धावली, चप्पल रस्त्यात राहिली. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट शाळेत आला, एकेकाला बोलावून विचारलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "खाला, डोंगरात बंदूक लढत नाही. भाकरी लढते. भाकरी तोडली की डोंगर आपोआप रिकामा होतो. म्हणून मला भाकरी देणारा हात हवाय, दुसरं काही नको."

मी म्हटलं, "हाज काय म्हणतो?"

"काहीच नाही म्हणत. मध कुणाला दिलास विचारलं तर म्हणतो, माझा मध सगळा डोंगर खातो."

सालिहा, त्याला ठाऊक होतं. कुणाला दिलं, काय सांगून दिलं, सगळं. नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी घरी आला असता. मी लेफ्टनंटच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "मला नाही माहीत, पोरा," आणि खोलीत येऊन पीठ मळायला बसले. दिवस जात होते. मब्रूका समोरच्या खोलीच्या दारात बसलेली असायची आणि मी नळावर जाताना दुसरीकडे बघायची.

शेवटी लखदर बोलला. मी भाकरी थापत होते. म्हणाला, "आता कुणासाठी एवढं पीठ?"

"आपल्यासाठीच."

"वर होतो तेव्हाही आपल्यासाठीच होतं?" माझा हात थांबला. तो म्हणाला, "पाय गेलाय माझा, डोळे नाहीत गेले. रोज भट्टीतून निघायच्या किती आणि आपण खायचो किती. आणि वर हाज मला कुंपणावरून विचारतो, लखदर, खोकला कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे हाज, तुझ्या मधाने उतार पडला."

"तू असं म्हणालास?"

"मग काय म्हणू? माझी बायको कुणासाठी मध मागते हे भर रस्त्यात ओरडू?"

मी रडले. त्याने रडू दिलं. मग म्हटलं, "तुला नौफलचा राग नाही?"

तो म्हणाला, "राग आहे. तो समोर आला तर या कुबडीने त्याचं तोंड फोडीन. पण या पोराला पहिल्यांदा झाडावर चढायला मी शिकवलंय, वरीदा. तो भुकेने मेला तर माझा पाय काही परत उगवणार नाही. आणि तो म्हातारा माझ्या खोकल्यापायी आत बसलाय. चल, ऊठ. कुबड्या दे."

आम्ही दोघं चौकीवर गेलो. सगळं सांगितलं. लेफ्टनंट ऐकत असताना त्याचा चहा गार झाला. म्हणाला, "तुम्हा दोघांनाही आत टाकायला हवं मी."

लखदर म्हणाला, "टाक. पण आधी पोराला खाली आणू दे. तुला डोंगर रिकामा करायचाय ना? एक तरी माणूस जिवंत उतरव. त्याला सुरुंगांच्या जागा माहीत असतील. उद्या तुझ्याच पोरांचे पाय वाचतील."

लेफ्टनंट उठून खिडकीशी गेला. वरिष्ठांशी बोलला, बराच वेळ. शेवटी ठरलं ते असं. घरं गुरुवारी पाडणार. त्याआधी सामान आणायच्या निमित्ताने मी एकदा वर जायचं आणि निरोप द्यायचा. गुरुवारी सकाळी, उजेडात, जुन्या पायवाटेने, हत्याराविना, हात उघडे ठेवून. गोळी झाडली जाणार नाही असा त्याने शब्द दिला. आमच्यावर खटला चालेल, त्यात तो खरं सांगेल. आणि हाजला सोडतील.

मी काल वर जाऊन आले. बदामापाशी भेटला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई येईल?"

मी हो म्हणाले.

तेव्हा ये. तुझ्या-माझ्यातलं नंतर बघू. वाटेच्या खालच्या टोकाला तू उभी दिसलीस तर तो येईल. मला बघून येईल याची मला खात्री नाही, मी त्याची मावशी आहे आणि मी त्याला मारलंय.

वरीदा


खालचं गाव
१४ डिसेंबर

सालिहा,

तू आली नाहीस. मुंजी म्हणतो, गाड्यांच्या अड्ड्यावर आली होतीस. पिशवी घेऊन गाडीपाशी उभी राहिलीस, दार धरलंस, सगळी माणसं बसली तरी धरूनच राहिलीस आणि मग परत फिरलीस. मी त्याला पुन्हापुन्हा विचारलं, चेहरा कसा होता. तो म्हणतो, मी चेहरा नाही बघितला, मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

मी तुला दोष देत नाही. हे गाव तुझ्या अंगावर थुंकलंय. त्याच गावासमोर पोराला हात वर करून येताना बघणं सोपं नाही.

तो आला. हे तुला तुरुंगाच्या कागदावरून कळलं असेल, पण कसा आला ते मी सांगते.

सकाळी धुकं होतं. शिपाई दगडांमागे, मी आणि लखदर वाटेच्या तोंडाशी, लेफ्टनंट आमच्या शेजारी. बराच वेळ कुणीच नाही. मग खोकला ऐकू आला. आधी खोकला आला आणि मग तो. तुझा बनियन अंगात, दोन्ही हात पुढे, तळवे उघडे. मधेच थांबला आणि ओरडला, "कुणी वर येऊ नका! मी सांगतो तिथूनच चाला!" आणि वाटेच्या कडेला एका जागी दगड ठेवला. पुढे आला, पुन्हा दगड ठेवला. असे दगड ठेवत ठेवत उतरला. जिथे दगड ठेवत होता तिथे खाली काय होतं ते सगळ्यांना कळलं.

आमच्यापाशी पोचल्यावर इकडेतिकडे बघितलं. "आई?"

मी म्हटलं, "वाटेत आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं.

लखदरने कुबडी उचलली. मला वाटलं, आता मारतो. त्याने ती नौफलच्या छातीला टेकवली आणि एवढंच म्हणाला, "बारीक झालास रे." मग शिपायांनी त्याला नेलं.

त्याने गुहा दाखवली. तोफा चालल्या, पण गुहा रिकामी निघाली, पाचही जण आधीच सटकले होते. दुपारनंतर घरं पाडली. आधी तुझं, मग आमचं, मग बाकीची. इथून धूळ दिसली आणि आवाज नंतर आला, प्रत्येक वेळी. आपलं घर पडलं तेव्हा लखदर म्हणाला, "आवाज छोटाच झाला." आता दुपारी वर बघितलं की वस्तीच्या जागी मला धूर दिसतो. लखदर म्हणतो, ढग आहे. लेफ्टनंटला विचारलं, तो दुर्बिणीने बघून म्हणाला, काही नाही. पण मी पुन्हा बघते तर असतो. सरळ वर जाणारा, चुलीचा असतो तसा.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

हाजला त्याच आठवड्यात सोडलं. घरी आला तो वाळून. कुणी काय केलं, काही बोलला नाही. मला बघून म्हणाला, "लखदरचा खोकला कसा आहे?" आणि हसला. मी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. तेव्हा मब्रूका आत गेली.

पहिली मोठी थंडी पडली तसा तो पेट्यांसाठी तळमळायला लागला. आता माश्या गोळा होऊन बसल्या असतील, आता आणता येतील. लेफ्टनंट म्हणाला, थांब, सुरुंग काढणारे येऊ देत, मी माणसं देतो. पण म्हातारा थांबला नाही. एक दिवस सकाळी गाढव घेऊन, नौफलने ठेवलेल्या दगडांच्या खुणेने वर गेला. सुरुंग त्याला लागला नाही. ते पाच जण लागले.

शिपायांनी त्याचा देह खाली आणला. पेट्या उलटून टाकल्या होत्या. त्याच्या छातीवर पुठ्ठा बांधलेला होता, त्यावर लिहिलं होतं, खबऱ्या. लष्कराने पकडलं काय, आठ-दहा दिवसांत सोडलं काय, त्याच आठवड्यात नौफल उतरला काय आणि गुहेवर गोळे पडले काय. त्यांनी आपला हिशोब जुळवला.

सालिहा, सरकारला वाटलं भाकरी त्याने दिली. डोंगराला वाटलं बातमी त्याने दिली. दोन्ही मी दिलं होतं.

हे मी कुणाला सांगू? लखदरला सांगितलं तर तो म्हणतो, मारलं त्यांनी, तू नाही. लेफ्टनंटला सांगितलं तर त्याने टोपी काढली आणि खाली बघितलं. म्हणाला, "खाला, चूक माझी. सोडताना त्याला इथं ठेवायलाच नको होतं." एवढासा पोरगा, एका दिवसात म्हातारा दिसायला लागला. आम्ही दोघं एकमेकांकडून तो गुन्हा ओढून घ्यायला बघत होतो.

त्याचा चाळिसावा दिवस झाला नाही अजून. मब्रूका समोरच्या खोलीत एकटी आहे. बायका आलटून पालटून जेवण नेतात. माझी पाळी असली की मी भाकरी दारात ठेवून यायची. परवा आत गेले. तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. मध कुणासाठी मागितला इथपासून सगळं.

ती मसूर निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मला माहीत होतं. त्याने सांगितलं होतं मला, लखदर काही खोकत नाही."

"मग तू बोलली का नाहीस? त्याला नेलं तेव्हा का नाही बोललीस?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, वस्तीतली पोरं एका अंगणात वाढली की कुणाचं पोर कुणाचं हे विचारू नये." मग तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. "पण तो आत होता ते सगळे दिवस मी तुझ्या दाराकडे बघत बसले होते, वरीदा. म्हटलं, आता उठेल. आता पीठ झाकेल आणि उठेल. तू नळावर जायचीस तेव्हा मी मनात मोजायचे, परत येताना तरी वळेल."

मी भाकरीचं फडकं घडी घालून हातात घेतलं.

मी उठायला लागले तर म्हणाली, "बस. मला त्या पाच जणांची नावं हवीत. तुझ्या भाच्याला माहीत असतील."

मी घाबरले. म्हटलं, "नावं घेऊन काय करणार आहेस?"

"मारायला नाही निघाले. मी काय मारणार? ते आकाशातून पडलेले नाहीत. कुणीतरी त्यांना दूध पाजलंय. मला त्यांच्या आयांना भेटायचंय. एकेकीच्या दारात जाऊन बसणार आहे. रडणार नाही, शिव्या देणार नाही. माझा माणूस कसा होता ते सांगणार आणि म्हणणार, आता तुझा कसा होता ते सांग. तिने पोराला बोलावलं तर एखादा उतरेल. नाही बोलावलं तर निदान त्याचं नाव घेऊन तिला माझ्यासमोर बसावं लागेल."

लखदरला वाटतं, दुःखाने तिचं डोकं फिरलंय. लेफ्टनंटला मी विचारलं, तर तो म्हणाला, "सरकारने हे करून पाहिलेलं नाही."

नौफलच्या भेटीची परवानगी मिळाली आहे. तो तुझ्याच शहरात, तुझ्यापासून दोन थांब्यांवर आहे आणि तू अजून गेलेली नाहीस, हे मला वकिलाकडून कळलं. मी आणि मब्रूका येतोय. मंगळवारी मुंजीच्या गाडीने निघू. तुरुंगाची वेळ दुपारची आहे.

पण मब्रूका म्हणाली, त्या पाचांच्या आयांकडे नंतर जाऊ. सुरुवात सहाव्याच्या आईपासून करायची. तिने तुझं नाव घेतलं.

तेव्हा सकाळीच येऊ आम्ही, आधी तुझ्याकडे. ती फार बोलत नाही आता. जिना चढताना तिला धाप लागते. आत बसायला काहीतरी घाल, फरशी गार असेल.

फोन उचलू नकोस हवं तर. पण दार उघड.

वरीदा